दत्तूमामा, आपण कापलेलं मुखपृष्ठ

मामा, परवा तुम्हाला नेलं. बायकांनी पुढे जायचं नाही म्हणून मी बाजाराच्या तोंडाशी, शाळेच्या ओट्यावर उभी राहिले. तिथून सगळं दिसत होतं. चौघांच्या खांद्यावर तुम्ही, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानांच्या पाट्या. किराणा, लोखंडी सामान, शिवणयंत्र दुरुस्ती, आयुर्वेदिक औषधी, चष्मेवाला. एकूण एक तुमच्या हातच्या. जळगाव जामोदच्या बाजारातून स्वतःच्याच अक्षरांखालून शेवटचं गेलेलं माणूस दुसरं कुणी नसेल. मला रडू यायला हवं होतं. ते आलं नंतर, घरी, भाकरी थापताना. त्या क्षणी मात्र छाती अशी भरून आली की वाटलं, मोठ्यानं सांगावं, अरे वर पाहा, याचं आहे हे सगळं.

सांगितलं नाही. तुमच्या बाबतीत माझं हे असंच होत आलं. जिथे बोलायला हवं तिथे मी गप्प राहिले, आणि जिथे गप्प बसायला हवं तिथे तुमच्याशी भांडले.

आपली पहिली भेट आठवते? नवं राज्य नुकतंच झालं होतं. तहसील कचेरीच्या दारात तुम्ही शिडीवर होतात आणि ‘मुंबई राज्य’ खरवडून तिथे ‘महाराष्ट्र’ लिहीत होतात. मी खाली उभी राहून ‘ष्ट्र’ पाहत होते. एवढं गुंतागुंतीचं जोडाक्षर, पण तुम्ही ते एका दमात उतरवलंत. मग वरूनच म्हणालात, “तिसऱ्यांदा लिवून राह्यलो बाई. आधी मध्यप्रदेश लिवलं, मंग मुंबई लिवलं, आता हे. कचेरी तेच, चपराशी तोच, पेंटर बी तोच.”

मी हसले आणि त्या हसण्यातच धीर करून विचारलं, “मामा, मला एका पुस्तकाचं कव्हर काढून द्याल?”

“पुस्तक कोनं लिवलं?”

“मी.”

“मंग कव्हर मी काऊन काढू?”

मला वाटलं, तुम्ही उडवून लावलंत. मी वळले तोच मागून आवाज आला, “उद्या शाळा सुटल्यावर घरी या. येतानी पेन नका आनू.”

तेव्हा माझी काय अवस्था होती ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. आठ वर्षं मी गोष्टी लिहीत होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या बायकांच्या गोष्टी. मोळ्या आणणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या, तलाठ्याशी लग्न होऊन आयुष्यभर तलाठीणबाई म्हणून राहिलेल्या. पुण्याच्या एका प्रकाशकाकडे हस्तलिखित पाठवलं होतं. तिथून उत्तर आलं की गोष्टी बऱ्या आहेत, मात्र ‘मले-तुले’ काढून भाषा शुद्ध करावी लागेल. सोबत मुखपृष्ठाचा कच्चा नमुना होता. डोक्यावर घागर घेतलेली एक देखणी तरुणी, डोंगराकडे पाहत उभी. मी तो कागद पुनःपुन्हा पाहिला. माझ्या गोष्टींतल्या एकाही बाईला डोंगराकडे पाहायला फुरसत नव्हती.

मी हस्तलिखित परत मागवलं आणि स्वतःच छापायचं ठरवलं. शाळेत सगळ्यांना सांगून बसले. आमचे हेडमास्तर म्हणाले, “बाई, स्वतः छापलेलं पुस्तक म्हणजे स्वतःच्या लग्नाचं आमंत्रण स्वतः वाटणं.” खामगावच्या छापखान्याचे मालक भला माणूस. मजकूर छापून देतो म्हणाले, पण कव्हरवरच्या चित्राचा ठोकळा मुंबईहून करून आणावा लागेल, त्याला महिने जातील, आणि आधी चित्र हवं. “ते तुमचं तुम्ही पाहा,” असं म्हणून त्यांनी हात झटकले. म्हणून मी तुमच्या शिडीखाली आले होते, मामा. दुसरीकडे कुठे जायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुमच्या अंगणात आले तर तुम्ही पहिला प्रश्न केलात तो पुस्तकाच्या नावाचा. मी अभिमानानं सांगितलं, “सातपुड्याच्या पायथ्याच्या स्त्रिया.”

तुम्ही इतके हसलात की गिरजामामी सूप घेऊन बाहेर आल्या. “एवढी मोठी पाटी फक्त सरकारी दवाखान्याले शोभते, बाई! बस निघून राह्यली, मानूस खिडकीत बसेल हाये, तेवढ्यात त्याले समजलं पाह्यजे का दुकान कायचं हाये. नाई समजलं तं ते पाटी कायची?”

मला राग आला. आठ वर्षं उराशी धरलेलं नाव ते! दोन दिवस मी तुमच्या गल्लीकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी मुलींना शुद्धलेखन घालता घालता वहीच्या मागच्या पानावर एकेक शब्द खोडत गेले. शेवटी एकच उरला. संध्याकाळी येऊन तुम्हाला म्हटलं, “पायथा.”

तुम्ही चुन्याच्या डबड्यात कुंचला बुडवलात आणि अंगणाच्या भिंतीवर हातभर अक्षरांत ‘पायथा’ लिहिलंत. मी रस्त्यापर्यंत मागे गेले. तिथूनही वाचता येत होतं. माझं पुस्तक मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग सुरू झालं अक्षर. चित्राचं नाव काढू द्यायला तुम्ही तयार नव्हता. जुन्या वर्तमानपत्रांवर रुंद कुंचल्यानं मी रोज तेच तीन अक्षरी नाव लिहायचं. माझं फळ्यावरचं अक्षर तालुक्यात नावाजलेलं, तपासणीला आलेले साहेबसुद्धा थांबून पाहायचे. तुम्ही ते पाहिलंत आणि म्हणालात, “फळ्यावरचं वाचायले तुमी पोरीईले बसवता. पुस्तक वाचायले कोन कोनाले बसवून ठेवते?”

एवढंच. पण त्या एका वाक्यानं माझी वीस वर्षांची ऐट उतरली. मग तुम्ही शिकवलंत, अक्षराकडे पाहायचंच नाही, अक्षराच्या आत राहिलेल्या जागेकडे पाहायचं. ‘य’च्या पोटात हवा पाहिजे. ‘थ’ची गाठ आवळली की शाई भरते आणि अक्षर आंधळं होतं. शिरोरेषा म्हणजे मांडवाचा आडवा वासा, ती बारीक ठेवली की खालचं सगळं लोंबकळतं. तुमची शाळा चौथीपर्यंत झालेली. हे तुम्हाला कुणी शिकवलं असं विचारलं तर म्हणालात, “उन्हानं. शिडीवर उभं राहून चुकीचं लिवलं तं परत चढा लागते.”

अक्षर तुमच्या मनासारखं झालं तेव्हा मी चित्र घेऊन आले. सातपुड्याच्या रांगा, मागे सूर्य, खाली दोन झोपड्या. तुम्ही कागद आडवा धरलात, उभा धरलात.

“डोंगर काऊन काढला? खिडकी उघडली का डोंगर दिसतेच. तुमी पायथा लिवला. पायथा कुठं हाये इथं?”

तेवढ्यात गिरजामामी शेतातून आल्या आणि न्हाणीच्या दगडावर उभ्या राहून पाय धुऊ लागल्या. ओलं लुगडं वर खोचलेलं, काठ कुठे वर गेलेला, कुठे खाली लोंबलेला. तुम्ही एकदम ओरडलात, “तिथंच उभी राय व!”

मामी दचकल्या. “काऊन? काय झालं? इचू हाये का?”

“तुही टाच पाह्यजे बाईले.”

“माही टाच? येड लागलं का तुमाले? सारी फुटेल हाये ते.”

“फुटेलच पाह्यजे!”

मामी लाजून लाल झाल्या. पण उभ्या राहिल्या. मी दगडासमोर जमिनीवर बसून काढत गेले. लुगड्याच्या काठाची वरखाली जाणारी रेघ आणि तिच्याखाली दोन टाचा. ती रेघ काढून झाली आणि मी थांबले. काठच डोंगराची रांग झाला होता. वेगळा डोंगर काढायची गरजच उरली नव्हती. तुम्ही माझ्या खांद्यावरून पाहत होता. “हाव,” एवढंच म्हणालात. तुमच्या तोंडून मला मिळालेला तो पहिला होकार.

मुंबईची वाट न पाहता ठोकळा इथेच लाकडात कोरायचा, म्हणून तुम्ही सुताराकडून शिसमाची फळी आणवलीत, छापखान्यातल्या खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, उंचीइतकी बरोबर तासून. पतंगाच्या पातळ कागदावर चित्र उतरवून तो उलटा चिकटवायचा, म्हणजे छाप सुलटा येतो, हे दाखवलंत. आणि पटाशी माझ्या हातात दिलीत. मी पटाशी कधी धरली नव्हती. पहिल्याच दिवशी अंगठा कापला. मामींनी हळद भरली आणि तुमच्यावर डाफरल्या, “त्याईच्या हातून काऊन कापून घेता? तुमीच कापा ना!” तुम्ही ऐकलंच नाही असं दाखवलंत.

तो ठोकळा घेऊन आपण बसनं खामगावला गेलो. बुलढाण्याला साहित्यिकांचा मेळावा पंधरा दिवसांवर आला होता. पुस्तक तिथे मांडायचं होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं की मी ते मांडणार आहे. छापखान्यात शाई लावली, मशीनचा पाट दाबला, कागद निघाला. मालकांनी तो उजेडात धरला आणि वाचलं, “पायया.”

‘थ’ची गाठ ठोकळ्यावरून उडून गेली होती. मी ती इतकी नाजूक कापली होती की पहिल्या दाबालाच तुटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही कागद हातात घेऊन गंभीरपणे म्हणालात, “पाय या? पुस्तक पायाले बोलावून राह्यलं का?” मालक हसले, मशीन चालवणारा हसला, आणि संतापानं रडता रडता मीही हसले.

मालक म्हणाले, वेळ नाही, साध्या खिळ्यांत नाव छापून टाकू. बाहेर बाकावर मी तुम्हाला हात जोडले. “मामा, आता तुम्ही कापा. तुमच्या हातून एका दिवसात होईल.”

“होईल ना. मस्त होईल. आन दुसऱ्या पुस्तकाच्या टायमाले तुमी परत माह्या दारात.”

“दुसरं पुस्तक कोण लिहितंय, मामा! हेच निघालं तर पुष्कळ.”

“तुमी लिवसान,” तुम्ही म्हणालात. जणू उद्या सोमवार आहे असं सांगावं तसं.

मामा, तोवर मला हे कुणी म्हटलं नव्हतं. घरच्यांनी नाही, शाळेतल्यांनी नाही, पुण्याहून आलेल्या त्या सुबक अक्षरातल्या पत्रानंही नाही. परतीच्या बसमध्ये मी एक शब्द बोलले नाही. तुम्हाला वाटलं मी रुसले. मी रुसले नव्हते. मी दुसऱ्या पुस्तकाचा विचार करत होते.

शाळा सुटली की तुमचं अंगण, अंधार पडला की घर, असे चार दिवस मी नवा ठोकळा कापला. या वेळी अक्षरं जाड, ‘थ’ची गाठ मोकळी, टाचांच्या भेगा खोल. तुम्ही समोर बसून विडी ओढत होता आणि माझी पटाशी घसरायला लागली की फक्त खाकरत होता. दुसरा छाप आला तो नितळ. वह्यांना घालतात त्या खाकी कागदावर, काळ्या शाईत.

तरी तुमचं समाधान नाही. तुम्ही तो छाप नेऊन बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीच्या खांबाला ठोकलात आणि आपण रस्त्याच्या पलीकडे बाकावर बसलो. पहिला गृहस्थ थांबला, वाचलं आणि टपरीवाल्याला विचारलं, “पायथा? चपलाचं नवं दुकान निंघालं का?” मला जमिनीत जावंसं वाटलं. तुम्ही मात्र मांडीवर थाप मारलीत. “वाचलं ना त्यानं! थांबला ना!”

मग वरवट बकालची बस लागली आणि डोक्यावर गाठोडं घेतलेल्या एक बाई चालता चालता खांबापाशी थांबल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, ते त्यांच्या पाहण्यावरूनच कळत होतं. त्यांनी चित्र पाहिलं, मग चपलेतून एक पाय काढून मागे वळवून स्वतःची टाच पाहिली. सोबतच्या बाईला म्हणाल्या, “कोनं काढली व हे? भेगा बराबर काढल्या.”

तुम्ही उठलात, धोतर झटकलंत आणि म्हणालात, “चला. छापा आता.”

बुलढाण्याच्या मेळाव्यात काय झालं ते अख्ख्या गावाला माहीत आहे, पण त्यातलं एक वाक्य फक्त आपल्या दोघांत राहिलं. पुण्याहून आलेल्या अध्यक्षांनी भाषणाच्या मध्येच माझं पुस्तक टेबलावरून उचललं, सभेला दाखवलं आणि विचारलं, “लेखिका इथे आहेत का? हे मुखपृष्ठ मुंबईच्या कोणत्या चित्रकाराचं?” मी उभी राहिले. म्हणाले, “मी स्वतः कापलंय. लाकडात.”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. मी खाली बसले. मागे वळून पाहिलं तर दाराशी तुम्ही उभे. धुतलेलं धोतर, नखांत तेलरंग, दोन्ही हात वर करून सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होता. जेवणाच्या सुट्टीत लोकांनी टेबलाला गराडा घातला आणि नेलेल्या सगळ्या प्रती संपल्या. हेडमास्तरांनाच प्रत उरली नाही. पुढच्या आठवड्यात ते घरी येऊन मागून घेऊन गेले. आमंत्रणाचं काही बोलले नाहीत.

परत येताना नांदुऱ्याला बस बदलली तेव्हा मी तुम्हाला म्हटलं, “मामा, मी तुमचं नाव घेतलं नाही.”

“काऊन घ्यायचं? त्यानं इचारलं कोनं कापलं. कापलं तुमी.”

“शिकवलं तुम्ही.”

“ते त्यानं इचारलं नाई.”

हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. वर्षभरात दुसऱ्यांदा छपाई करायची वेळ आली तेव्हा मी तुम्हाला न सांगता ठोकळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटा ‘द’ कापला. तुम्ही छापखान्यात माझ्याआधी पोचलात आणि तो पटाशीनं साफ तासून टाकलात. मी विचारलं तर म्हणालात, “माह्या पाटीवर मी नाव टाकतो. हे पाटी माही नाई.” मी महिनाभर तुमच्याशी बोलले नाही. शेवटी गिरजामामी शाळेत आल्या, मधल्या सुट्टीत, आणि म्हणाल्या, “चाला व बाई. तिकडं ते जेवून नाई राह्यले, इकडं तुमी बोलून नाई राह्यल्या. मी कोनाकोनाले सांभाळू?”

मामा, मला अजूनही तुमचं म्हणणं पटलेलं नाही. ते चित्र तुम्ही मामींना ओरडलात त्या क्षणी झालं. मी फक्त लाकूड बाजूला केलं. हे मी तुमच्या तोंडावर कितीदा म्हटलं आणि तुम्ही प्रत्येक वेळी विडी पेटवलीत. आता विडी पेटवायला तुम्ही नाही, तरी वाद मी सोडलेला नाही. आणि जे मी त्या दिवशी सभेत म्हणायला हवं होतं, ते इथे म्हणते. माझ्या पहिल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ जळगाव जामोदच्या दत्तू पेंटरांनी केलं. माझ्या हातांनी.

दुसरं पुस्तक झालं, तिसरं झालं. त्याच पुण्याच्या प्रकाशकांचं पत्र आलं, पुढचं पुस्तक आम्हाला द्या, भाषा आहे तशी ठेवू, मुखपृष्ठही तुमचंच घेऊ. मी ते पत्र तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही विचारलंत, “मंग?” मी म्हटलं, “मी माझं छापते.” तुम्ही मामींना चहा टाकायला सांगितलंत, दूध जास्त घालून. नंतर लोक माझ्याकडेही येऊ लागले. सुलतानपूरचे एक वैद्य झाडपाल्याच्या औषधांची वही घेऊन पार लोणारकडून आले. मी त्यांना तुमच्या अंगणात आणलं आणि त्यांच्या पुस्तकाच्या नावातले चार शब्द तुम्ही एका चहात खाऊन टाकलेत. त्यांनी कडुनिंबाची एकच डहाळी कापली, वाकडीतिकडी, पण काय जिवंत!

मग तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. शिडी सुटली. बाजारात नव्या पाट्या दुसऱ्याच्या हातच्या लागू लागल्या आणि तुम्ही त्यांच्याबद्दल कधी वाईट बोलला नाहीत. ते तुमच्या स्वभावात नव्हतं.

गेल्या थंडीत मी चौथ्या पुस्तकाचा ठोकळा घेऊन आले. नाव ‘ठिगळ’. तुम्ही उन्हात खाटेवर बसला होता. म्हणालात, “दिसत नाई बाई आता. हातात द्या.” मी ठोकळा मांडीवर ठेवला. तुम्ही डोळे मिटलेत आणि उजवीकडून सुरुवात केलीत, उलटं असतं म्हणून. बोट आधी वेलांटीवरून गेलं, मग ‘ठ’च्या गोलात फिरलं, आत, बाहेर, पुन्हा आत. ‘ग’चा दांडा खालपर्यंत चाचपलात. ‘ळ’च्या दोन्ही डोळ्यांत नख घालून खोली पाहिलीत. मग चित्र. मग कडा. मग परत पहिल्यापासून. पन्नाशीला आलेली मी, मुलींचे पेपर तपासून केस पांढरे झालेले, श्वास रोखून समोर उभी.

खूप वेळानं तुम्ही ठोकळा परत दिलात. म्हणालात, “यात माह्यासाठी काई ठेवलंच नाई तुमी.”

मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटलं. नमस्कार करून निघाले. गल्लीच्या टोकाशी आले आणि तुम्ही काय म्हणालात ते एकदम लख्ख कळलं. तुम्ही दुरुस्त करावी अशी एकही चूक मी ठेवली नव्हती. भर रस्त्यात, ठोकळा पोटाशी धरून, मी एकटीच हसत सुटले. समोरून आमच्या शाळेच्या गणिताच्या बाई येत होत्या. त्या थांबल्या.

“काय हो बाई, एवढं काय झालं? बढती मिळाली का?”

हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं, मामा. मी त्यांना म्हटलं, “हो. आत्ताच मिळाली.”